बर्फवाल्याची गाडी

कुशनताईला गाडी विकायची होती, आणि ती एकाच माणसाला विकायची होती. बाकीच्यांना तिनं चहा पाजून वाटेला लावलं.

त्यांत एक हॉटेलवाला होता. त्याला गाडी हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची होती. एक डॉक्टर होते. ते गाडीभोवती लहान मुलासारखे फिरले, पँटची घडी मोडेल याची पर्वा न करता खाली वाकून चेसी पाहून आले आणि मागेल ती किंमत द्यायला तयार झाले. कुशनताईनं त्यांच्यापासून काही लपवलं नाही. बॉनेट उघडून नवं डिझेल इंजिन दाखवलं. पॉवर स्टिअरिंग एका बोटानं फिरवून दाखवलं. डिस्क ब्रेक, पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स, डॅशबोर्डच्या जुन्या जाळीमागे दडवलेला एसी, सगळं दाखवलं. बाहेरून मात्र ती जुन्या काळची पिकअपच होती. फुगऱ्या गालांची, बेडकासारखे डोळे वर आलेली, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. रंगही मूळचाच दिलेला, धुऊन धुऊन विटलेल्या सदऱ्यासारखा फिकट निळा.

डॉक्टर चेकबुक काढायला लागले तशी कुशनताई तोंडातल्या टाचण्या हातात घेऊन म्हणाली, "डॉक्टर, तुमचे पाय लांब आहेत हो. ह्या सीटवर तुमचे गुडघे दुखतील. मला नाही बरं वाटणार."

डॉक्टर गेल्यावर शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री हात पुसत आत आला. पोट सांभाळत एका स्टुलावर टेकला.

"ताई, तुम्ही गाडी विकताय की गिऱ्हाइकं हाकलताय?"

"ज्याची आहे तो येईल."

"आणि नाहीच आला तर?"

"फोटो पोचलाय त्याला. नंबरप्लेटसकट." तिनं टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि त्यांच्या फटीतून म्हणाली, "येईल. नाक घेऊन येईल."

मिस्त्रीला ते नाक कुणाचं हे माहीत होतं. गल्लीतल्या टायरवाल्यालाही माहीत होतं. ते नाक तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

कुशनताई हे काही तिचं नाव नव्हे. गाड्यांच्या सीटा शिवायचं तिचं दुकान होतं, आणि त्या धंद्यात दुसरी बाई कुणी पाहिली नव्हती, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव चिकटलं. दुकान म्हणजे एक लांबट शेड. भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे, कोपऱ्यात फोमच्या लाद्या, मध्ये जड मशीन, आणि सगळीकडे चिकटवायच्या सोल्यूशनचा डोक्यात जाणारा वास. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते, हात मात्र पुरुषाच्या हातासारखे भरलेले. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "हातातलं शिवून झालं की बघू." स्वभावानं ती कडू नव्हती. रिक्षावाल्याची फाटकी सीट फुकट टाचून द्यायची, मांजराच्या पिलांना फोमच्या तुकड्यांचं घर करून द्यायची. फक्त एका बाबतीत तिच्या आत एक निखारा होता, आणि तो तिनं बरीच वर्षं फुंकर घालून जपला होता.

गाडी तिच्या बाबांची. बाबा बर्फ वाहायचे. कारखान्यातून लाद्या उचलायच्या, भुशात गुंडाळायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि वितळायच्या आत बाजारात नि इस्पितळात पोचवायच्या. लहानपणी ती बाबांच्या शेजारी बसायची. मागून थेंब थेंब पाणी गळत असे आणि बाबा म्हणत, "बघ, आपली कमाई गळतेय. दाब जोरात." दादाला, म्हणजे तिच्या मोठ्या भावाला, त्या गाडीची लाज वाटायची. मोठा असूनही घरातल्या सगळ्यांसारखा तो तिला ताईच म्हणे. बाबांनी शाळेपर्यंत सोडलं तर तो अलीकडच्या कोपऱ्यावर उतरून चालत जायचा. बाबा त्याला गाडी शिकवायला बोलवायचे तेव्हा म्हणायचा, "मी ड्रायव्हर नाही होणार, मालक होणार."

त्या गाडीला एक खोड होती. किल्ली फिरवून ती सुरू होत नसे. किल्लीनं नुसती वीज यायची. इंजिन सुरू करायचं बटण खाली, ॲक्सिलरेटरच्या उजव्या अंगाला, रबरी मॅटच्या कडेखाली होतं. डाव्या पायानं क्लच दाबायचा, उजव्या पायाची टाच ॲक्सिलरेटरवर ठेवायची आणि चवड्यानं बटण दाबायचं. जमलं की इंजिन असं खाकरून उठायचं की शेजारच्या घरातली माणसं घड्याळ बघायची. ते जमायला मुलीला कित्येक दिवस लागले होते. दादा ड्रायव्हरच्या सीटवर कधी बसलाच नव्हता.

पुढे बाबांना अर्धांगाचा झटका आला. ते आतल्या खोलीत पडून असत, गाडी अंगणात उभी असे. एके सकाळी आई बाबांचं अंग पुसत असताना बाहेर साखळी खडखडली, माणसांनी जोर लावल्याचे आवाज आले, आणि गाडी गेली. इंजिनचा आवाज झाला नाही. दादा आत येऊन म्हणाला, "ताई आली होती माणसं घेऊन. गाडी विकली तिनं. बाबांना त्रास नको म्हणून आत आली नाही."

खरं तर गाडी त्यानंच भंगारवाल्याला दिली होती. त्या पैशांत भर घालून त्यानं पहिला ट्रक उचलला.

ती तेव्हापासूनच दुकानामागच्या खोलीत राहायची. संध्याकाळी नेहमीसारखी बाबांना भेटायला आली तर अंगण रिकामं. आत गेली तर बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलेलं. जीभ अर्धी लुळी पडली होती, पण एवढं वाक्य त्यांनी नीट उच्चारलं, "आवाजसुद्धा ऐकू दिला नाहीस होय गं, शेवटचा?"

तिनं जीव तोडून सांगितलं. "बाबा, मी नेली असती तर चालू करून नेली असती. ज्यानं नेली त्याला चालू करता येत नव्हती, म्हणून ओढत नेली. दादाला येतच नाही ती चालू करायला!"

"मला येत नाही?" दादा दारातून म्हणाला. "आण गाडी. आत्ता दाखवतो."

गाडी कुठून आणणार? आणि त्याच आठवड्यात तिच्या दुकानात हप्त्यांवर घेतलेलं नवं मशीन आलं होतं. दादानं त्याच्याकडे बोट दाखवलं, बाकीचं आईबाबांनी आपणच जुळवून घेतलं. बापाला कळू नये म्हणून हिनं गाडी गुपचूप ओढत नेली, असंच दोघांच्या मनात बसलं. बाबा पुढे फार दिवस राहिले नाहीत. जितके राहिले तितके भिंतीकडे बघत राहिले.

आई मग दादाकडे राहायला गेली. लेकीशी ती बोलायची, डोक्यावरून हात फिरवायची आणि वर म्हणायची, "जाऊ दे, पोरी. मी मनात नाही ठेवलं." ह्या माफीनं कुशनताईच्या अंगाची आग व्हायची. न केलेल्या गोष्टीची माफी तिला प्रत्येक भेटीत घ्यावी लागत होती.

पुष्कळ वर्षांनी सीटच्या स्प्रिंगा शोधायला ती एका भंगाराच्या अड्ड्यावर गेली असताना तिला एक सडलेली केबिन दिसली. रंग ओळखू येत नव्हता. सीटवर कुणीतरी स्वस्तातलं कव्हर चढवलं होतं. सवयीनं तिनं त्याचा कोपरा उचकटला, तर खाली गोणपाट शिवायच्या सुतळीनं घातलेले वेडेवाकडे टाके होते. ते तिचेच होते. बर्फाच्या गाडीची फाटलेली सीट तिनं शाळेत असताना शिवली होती, आणि आयुष्यातलं ते तिचं पहिलं शिवणकाम. ती तिथंच भंगारात बसली. रडली नाही. भंगारवाल्याला म्हणाली, "ही अख्खी पाहिजे. कागदासकट."

त्यानंतर मिस्त्री आणि ती, दोघांनी मिळून फावल्या वेळात गाडी उभी केली. हाताशी पैसा आला की एक भाग यायचा. मिस्त्रीनं जुनी चेसी ठेवून तिच्यात नवं इंजिन बसवलं, आणि त्याचा दोघांना सारखाच अभिमान होता. भांडण एकाच गोष्टीवरून झालं.

"अहो, नवं इंजिन आहे. किल्ली फिरवली की सुरू. पायाचं बटण कशाला हवंय?"

"हवंय."

"घेणारा हसेल."

"घेणारा हसणार नाही, मिस्त्री. त्याची मी खात्री देते."

मिस्त्रीनं बटण जुन्या जागी बसवून दिलं. किल्लीनं काटे हलतील, दिवे लागतील, एसी वाहील. इंजिन मात्र पायाखालूनच उठेल.

*

दादा आला तो स्वतःच्या लांबलचक गाडीतून, मागे मॅनेजर. आता त्याला सगळे शेट म्हणत. त्याच्या ट्रकांवर मागे मोठ्या अक्षरांत नाव असे. कंपनीला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून समारंभ ठेवला होता. त्याच्या प्रत्येक भाषणात बाबांची बर्फाची गाडी असायचीच. 'त्या गाडीवर बाबांच्या मांडीवर बसून मी स्टिअरिंग धरायला शिकलो,' हे वाक्य मॅनेजरलासुद्धा पाठ झालं होतं.

"कुठे सापडली गं?" त्यानं बॉनेटवर हात ठेवला.

"भंगारात. जिथं टाकली होती तिथं."

त्यानं ऐकलंच नाही असं केलं. "समारंभाला हीच गाडी हवी मला. आईला शेजारी बसवून गेटातून आत घेऊन येतो. मग कायमची गेटापाशी उभी करणार. किंमत बोल."

तिनं किंमत सांगितली. ती जास्त होती. त्यानं मॅनेजरकडे बघून मान हलवली, घासाघीस केली नाही. मिस्त्री अस्वस्थपणे खाकरला.

"शेट, एकदा बसून बघा की. चालू करून बघा. नव्या मशिनरीची जरा ओळख..."

"मिस्त्री," दादा हसला, "मला शिकवता? ह्या गाडीवर वाढलोय मी."

"नाही, तरी पण..."

"राहू द्या," कुशनताई म्हणाली. "दादाला काय सांगायचं? आणि तसाही ड्रायव्हरच चालवणार असेल. एवढ्या लोकांत स्वतः कशाला धोका घ्यायचा? बाबांची गाडी आहे, झेपायची नाही."

दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणापासून त्या तशाच व्हायच्या. "मीच चालवणार," तो मॅनेजरला म्हणाला. "कार्डावर छापा तसं. आणि विकत घेतली म्हणजे घेतली. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी हिला पुळका यायचा आणि म्हणायची, परत दे. पक्का कागद करा."

"पक्का कर," ती म्हणाली. "मीही परत घेणार नाही."

तो गेल्यावर मिस्त्रीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "ताई, आमच्या धंद्यात माल देताना खोड सांगतात. डॉक्टरांना सांगितलीत. हॉटेलवाल्याला सांगितलीत."

"त्यांनी विचारलं, चालू कशी करायची म्हणून. ह्यानं विचारलं का?"

"नाही."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. एवढं एकदा म्हणाला असता ना, 'ताई, मला नाही येत गं चालू करायला,' तर मी खाली बसून त्याचा पाय हातानं बटणावर ठेवला असता. शपथेवर सांगते." तिनं मशीनचं पायडल दाबलं, त्या घरघरीत मिस्त्रीचं उत्तर बुडून गेलं.

*

समारंभाच्या दिवशी दादाच्या यार्डात मांडव घातला होता. ट्रक धुऊन ओळीत लावले होते, खुर्च्यांना पांढरी कापडं गुंडाळली होती. ड्रायव्हर, क्लीनर, बँकेचे साहेब, व्यापारी, त्यांच्या बायका, सगळे आले होते. कुशनताई मागच्या रांगेत कडेला बसली. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मिस्त्री तिच्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला. त्यानंच पहाटे गाडी आणून यार्डाच्या पलीकडच्या टोकाला उभी केली होती.

दादानं भाषण केलं. बाबा, बर्फ, मांडी, स्टिअरिंग, सगळं झालं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनं आईला हाताला धरून गाडीकडे नेलं आणि वर चढवलं. आई आता वाळक्या शेंगेसारखी झाली होती. कानानं कमी ऐकू येई, त्यामुळे स्वतः मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायची. सीटवर बसल्या बसल्या तिनं हातानं चाचपलं आणि ओरडली, "अगं बाई, मऊ केलीय की!" लोक हसले.

दादा सीटवर बसला, सगळ्यांकडे बघून हात हलवला आणि किल्ली फिरवली.

डॅशबोर्डवरचे काटे उठले. हेडलाइट भर दुपारी लख्ख लागले. एसीचा वारा सुटून आईचा पदर फडफडला. इंजिन काही बोललं नाही.

त्यानं किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. पुन्हा काटे उठले. तिसऱ्यांदा फिरवताना तो ओठ चावत होता. ट्रकच्या रांगेपाशी उभ्या ड्रायव्हरांत खसखस पिकली. "धक्का मारू का शेट?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "बर्फ झाला वाटतं इंजिनचा." बँकेच्या साहेबांनीसुद्धा रुमालानं तोंड झाकलं.

"मिस्त्री!" दादा खिडकीतून ओरडला. "बॅटरी भरली होती का नाही?"

मिस्त्री अर्धवट उठला. त्यानं कुशनताईकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, डोळाही नाही. मिस्त्री परत बसला आणि खुर्चीचा काठ धरून ठेवला. तिचं लक्ष दादाकडे नव्हतंच. ती खिडकीच्या दुसऱ्या बाजूकडे, आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. सगळी वर्षं तिनं ह्या एका चेहऱ्यासाठी काढली होती.

"अरे, पाय दे की," आई म्हणाली. ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

"काय?"

"पाय! बटण दाब."

"कुठलं बटण, आई? किल्ली फिरवतोय ना!"

"खालचं बटण."

दादा वाकून डॅशबोर्डखाली चाचपायला लागला. मग क्लचच्या डावीकडे. मग सीटखाली. कोटाची शिवण काखेत उसवली त्याचा आवाज आला. आई त्याच्याकडे बघत होती. आधी तिच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं. मग ते हळूहळू गोठत गेलं.

"तुला ठाऊक नाही?"

"आई, तू जरा गप्प बस..."

"तुझ्या बापाची गाडी. बाप रोज पायानं चालू करायचा. माझ्या पोरीला येत होती. तूही तेव्हा 'आत्ता दाखवतो' म्हणालास, आणि तुला येत नाही?" आईचा आवाज मांडवभर घुमत होता आणि हसणारे आता थांबले होते. "मग त्या दिवशी गाडी ओढत का नेली रे?"

"कुठल्या दिवशी?"

"ज्या दिवशी विकली. तुझा बाप मरेपर्यंत म्हणत होता, पोरीनं आवाज ऐकू दिला नाही. तिनं नेली असती तर आवाज झाला असता. तिला येत होती चालू करायला. आवाज झाला नाही, कारण..." आई थांबली. कधी नव्हे तो तिचा आवाज बारीक झाला. "कारण नेणाऱ्याला येत नव्हती."

दादानं काहीतरी पुटपुटलं. पुढच्या रांगेतल्या लोकांनी ऐकलं ते असं: "आई, भंगारच होती गं ती. बाबा ओरडले असते."

आईनं दार उघडलं. वहिनी आधार द्यायला धावली तर तिचा हात बाजूला करून ती आपणच उतरली, आणि काठी न घेता, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत मागच्या रांगेपर्यंत आली. मिस्त्री उठून उभा राहिला, ती त्याच्या खुर्चीत बसली. धाप लागली होती.

"तू सांगितलं होतंस," ती लेकीला म्हणाली.

"सांगितलं होतं."

"मी ऐकलं नाही."

"नाही ऐकलंस."

आईनं तिचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. ह्या खेपेला माफ केलं असं म्हणाली नाही. थोड्या वेळानं विचारलं, "जाऊन चालू कर ना. ऐकू दे."

"माझी नाही आई ती आता. विकली," कुशनताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात जरासुद्धा ओल नव्हती. "मिस्त्री, शेटना खोड दाखवा. मालकानं चालवायला पाहिजे. कार्डावर छापलंय."

मिस्त्री गेला, खाली वाकला, दादाचा बूट धरून बटणावर नेला. इंजिन खाकरून उठलं. आवाज नव्या इंजिनचा होता, मऊ, भारी. तरी आईनं डोळे मिटले. दादानं गाडी मांडवाच्या मधून गेटापर्यंत नेली, शेजारची सीट रिकामी ठेवून. कुणी टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. एका क्लीनरनं वाजवल्या आणि लगेच थांबवल्या.

*

लेकीला वाटलं होतं, आता आई आपल्याकडे येईल. दुकानामागच्या खोलीत तिनं पलंगही लावून ठेवला. आईनं नकार दिला.

"नाही गं. मी तिथंच बसते, गेटापाशी. मला काम आहे."

ते काम म्हणजे काय ते महिन्याभरात सगळ्या धंद्यातल्या लोकांना कळलं. दादाच्या ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस गेटावर गाडी बघून थांबायचाच. "वा, काय गाडी आहे!" म्हणायचा. शेजारी खुर्ची टाकून बसलेली म्हातारी मान वर करायची आणि यार्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "माझ्या लेकीनं बांधली. ह्यानं बापाच्या उशाखालून विकली होती आणि बहिणीवर ढकललं. बसा ना, सगळं सांगते." दादानं खुर्ची आत नेली तर ती पायरीवर बसली. पायरीवरून उठवली तर जेवणं बंद केलं. वहिनीनं शेवटी स्वतः खुर्ची बाहेर आणून ठेवली, वर उशी घातली.

एक दिवस दादा दुकानात आला. एकटा, मॅनेजर नाही. बराच वेळ रेक्झिनचे गुंडाळे बघत उभा राहिला.

"परत घे ती," तो म्हणाला. "पैसे नकोत मला."

"पक्का कागद आहे."

"फाडतो."

"मी नाही फाडत माझा."

"हॉटेलवाल्याला विकतो मग."

"वीक की. आई विचारेल, गाडी पुन्हा कुणी विकली. तेव्हा काय सांगशील, ताई आली होती?"

तो स्टुलावर बसला. कानाच्या पाळ्या लाल नव्हत्या, पांढऱ्या पडल्या होत्या. "तुला पाहिजे तरी काय? लोकांत माझं नाक कापलंस. आई माझ्याशी बोलत नाही. अजून काय राहिलं?"

तिनं मशीन थांबवलं. "बाबांना सांगून ये," ती म्हणाली. "तेवढं केलंस की उद्या गाडी घेऊन जाते."

"ते कसं आता..."

"हो ना," ती म्हणाली.

तो उठला, दारापाशी गेला आणि पाठ वळवूनच म्हणाला, "निदान एक कव्हर तरी शिवून दे गाडीला. पूर्ण झाकणारं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर कारण विचारतात."

ह्याला मात्र ती नाही म्हणाली नाही. काम ते काम. दुसऱ्याच दिवशी यार्डात जाऊन तिनं टेपनं माप घेतलं, मडगार्डांचे फुगवटेसुद्धा. चांगलं जाड, पाणी न शिरणारं कापड घेतलं, शिवणी दुहेरी घातल्या, कडेला इलॅस्टिक. मिस्त्री बघायला आला, कव्हराला हात लावून म्हणाला, "शेटवर उपकार केलेत."

"इकडे बघा," ती म्हणाली.

गेटापाशी आईची खुर्ची असे त्या बाजूला, बसल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर, तिनं एक रुंद, मऊ नाडी शिवली होती. तेवढ्या बाजूचं इलॅस्टिक सैल ठेवलं होतं. ती नाडी ओढली की सगळं कव्हर एका दमात घसरून खाली येई, आणि ओढायला जोर लागत नसे.